गादीचा क्रम वेगळा, रक्ताची रेघ वेगळी : भोसले घराण्याची वंशावळ मांडताना

"शाहू महाराज शिवाजी महाराजांचे कोण?" भाचीने शाळेच्या प्रकल्पासाठी फोनवर विचारलं. मी म्हटलं, "नातू." तिने वहीत तसं लिहिलं आणि खाली चित्र चिकटवलं ते कोल्हापूरच्या राजर्षी शाहूंचं. एक शाहू १६८२ साली जन्मलेले, दुसरे १८७४ साली. मधे जवळपास दोनशे वर्षं! चूक तिची नव्हती. "कोणते शाहू?" हे मीच आधी विचारायला हवं होतं.

राजघराण्याची वंशावळ मांडायला बसलेला प्रत्येक नवखा माणूस याच दगडाला ठेचकाळतो. आणखी एक दगड याहून मोठा आहे. अमुक राजानंतर तमुक राजा आला, म्हणजे तमुक हा अमुकचा मुलगा, असं आपण न कळत धरून चालतो. तसं असतंच असं नाही. तो भाऊ असेल, चुलतभाऊ असेल, चार दिवसांपूर्वी दुसऱ्याच गावातून आणून मांडीवर बसवलेला मुलगा असेल. गादी कोणाकडून कोणाकडे गेली हा एक प्रश्न आणि कोण कोणाच्या पोटी जन्मला हा दुसरा. या दोन प्रश्नांची उत्तरं एकाच तक्त्यात कोंबली की घोळ झालाच म्हणून समजा.

उदाहरण म्हणून मी भोसल्यांचं छत्रपती घराणं घेतो. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्या, जोडीला तंजावर. राजघराण्यांच्या इतिहासात पडू शकणारे बहुतेक सगळे पेच इथे एकाच घरात सापडतात.

पहिली पायरी : कागद दोन घ्या

चौकटीच्या वहीचे दोन जोडकागद घ्या आणि पेन्सिल घ्या. पेन इतक्यात नको.

एका कागदावर गादीची यादी लिहा. त्यात नाव, गादीवर आल्याची तारीख, गादी सुटल्याची तारीख आणि सुटण्याचं कारण एवढंच. कारण म्हणजे मृत्यू, पदच्युती, कैद, जे असेल ते. या कागदावर नातं लिहायचं नाही, कितीही मोह झाला तरी.

दुसऱ्या कागदावर वंशावळ. इथे आई-बाप, भावंडं, लग्नं. गादीवर कधीच न बसलेली माणसंही इथे येतात आणि पुष्कळदा तीच महत्त्वाची ठरतात. औरस मुलासाठी सरळ रेघ, दत्तकासाठी तुटक रेघ, वादग्रस्त नात्यासाठी नागमोडी रेघ. दत्तक मुलाला दोन रेघा लागतात: जन्मदात्या घराकडून एक सरळ आणि दत्तक घराकडे एक तुटक. बहुतेक छापील तक्त्यांत ही पहिली रेघ गाळलेली असते.

आईचं नाव न चुकता लिहा. आपल्याकडच्या जुन्या वंशावळींत बायकांची नावं गळतात, आणि राजघराण्यांतले अर्धे तंटे तर सावत्रपणातून निघालेले. सईबाईंच्या पोटी संभाजी महाराज (१४ मे १६५७) आणि सोयराबाईंच्या पोटी राजाराम महाराज (२४ फेब्रुवारी १६७०) हे लिहिलं नाही, तर १६८० मध्ये रायगडावर काय घडलं ते कळणारच नाही.

सुरुवात खात्रीच्या माणसापासून करा. शिवाजी महाराजांपासून वर शहाजीराजे, मालोजी, बाबाजी इथपर्यंत पाय घट्ट जमिनीवर असतात. त्याच्या वर सिसोदिया वंशाची परंपरा आहे. राज्याभिषेकाच्या वेळी ती पुढे आली आणि तिच्यावर अभ्यासकांत वाद आहेत. ती खोडू नका, पण वेगळ्या रंगात लिहा. नवखे लोक नेमके इथेच उत्साहाने वर चढत जातात आणि शेवटी सूर्यापर्यंत पोचतात.

दुसरी पायरी : नावांचा गुंता सोडवा

आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत राजवाड्यातही होती. शिवाय दत्तक घेताना मुलाचं मूळ नाव बदलून घराण्यातलं नाव द्यायचे. त्यामुळे भोसल्यांत शिवाजी किती झाले हे मोजायला बसलात तर बोटं पुरत नाहीत. थोरले महाराज. १६९६ साली जन्मलेले, राजाराम-ताराबाईंचे पुत्र शिवाजी. १७६२ मध्ये कोल्हापूरला दत्तक आलेले शिवाजी. १८३८ ते १८६६ राज्य करणारे बाबासाहेब म्हणून ओळखले जाणारे शिवाजी. १८७१ मध्ये दत्तक आलेले शिवाजी. १९४० च्या दशकात बालपणीच वारलेले शिवाजी. तंजावरचे शेवटचे राजे (१८३२ ते १८५५) तेही शिवाजीच. आणि ज्यांना आपण शाहू म्हणतो, त्या संभाजीपुत्राचं मूळ नावसुद्धा शिवाजी!

पुस्तकांत दुसरे, तिसरे, चौथे असे क्रमांक दिलेले असतात, त्यांच्यावर विसंबू नका. एक लेखक थोरल्या महाराजांना धरून मोजतो, दुसरा फक्त कोल्हापूरच्या गादीवरचे मोजतो. मी क्रमांक घालणं कधीच सोडून दिलं. त्याऐवजी प्रत्येक माणसाला एक लांब नाव देतो: "शिवाजी, राजाराम-ताराबाईंचे, जन्म १६९६, गादी पन्हाळा". नाव, आई-बाप, साल आणि गादीचं ठिकाण. चौकटीत मावत नाही, पण घोटाळाही होत नाही.

राजारामांचंही तेच. शिवछत्रपतींचे धाकटे चिरंजीव, मग साताऱ्याचे रामराजे (हे अधिकृत कागदांत राजाराम म्हणूनच येतात) आणि कोल्हापूरचे आणखी दोघे. त्यांतले एक राजाराम महाराज युरोपच्या प्रवासातून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले, ऐन विशीत. त्यांचं दहन तिथेच आर्नो नदीकाठी झालं आणि आजही तिथल्या बागेत त्यांच्या अर्धपुतळ्यावर छत्री उभी आहे. कोल्हापूरच्या एका छत्रपतींची समाधी इटलीत शोधावी लागते, तेव्हा मृत्यूचं ठिकाण लिहायला विसरू नका.

तिसरी पायरी : "गादीवर आले" म्हणजे नेमकं कधी?

प्रत्येक राजासाठी तीन तारखा वेगळ्या शोधा: आधीच्या राजाचा शेवट, मंचकारोहण (राज्याभिषेकाच्या विधीआधी नुसतं गादीवर बसणं) आणि राज्याभिषेक. या तिन्हींत महिन्यांचं, कधी वर्षाचंही अंतर असतं आणि खरी कहाणी त्या अंतरात दडलेली असते.

३ एप्रिल १६८० ला शिवाजी महाराज गेले. २१ एप्रिलला रायगडावर दहा वर्षांच्या राजारामांचं मंचकारोहण झालं. संभाजी महाराज तेव्हा पन्हाळ्यावर होते. सरसेनापती हंबीरराव मोहिते हे सोयराबाईंचे सख्खे भाऊ, म्हणजे राजारामांचे मामा. पण त्यांनी कौल दिला तो संभाजी महाराजांना, आणि पारडं तिथेच फिरलं. संभाजी महाराजांचा राज्याभिषेक १६ जानेवारी १६८१ चा. आता गादीच्या यादीत एप्रिल ते जून १६८० या काळासमोर काय लिहाल? बहुतेक याद्या ते मंचकारोहण मोजत नाहीत. तुम्हीही मोजू नका, पण समासात टीप ठेवा.

पुढे ११ मार्च १६८९ ला संभाजी महाराजांची हत्या झाली. त्यांना पकडल्यानंतर लगेच, १२ फेब्रुवारीला, राजारामांना मंचकावर बसवलं होतं; म्हणजे आधीचे छत्रपती जिवंत असतानाच. नोव्हेंबरात रायगड पडला, येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू मोगलांच्या कैदेत गेले, आणि राजाराम जिंजीला. राजाराम स्वतः राजे की कैदेतल्या पुतण्याच्या वतीने राज्य सांभाळणारे, यावर आजही दोन मतं आहेत. नंतरची भाऊबंदकी समजायची असेल तर हा प्रश्न मनात ठेवावाच लागतो.

कारण १७०७ मध्ये औरंगजेब मेला, शाहू सुटून आले आणि राजारामांच्या पत्नी ताराबाई म्हणाल्या, थोरल्या महाराजांनी मिळवलेलं राज्य संभाजी राजांच्या वेळी गेलं. आता आहे ते माझ्या नवऱ्याने मिळवलेलं, त्यावर माझ्या मुलाचा हक्क. शाहूंची बाजू साधी होती: थोरल्या पातीचा थोरला मुलगा मी. म्हणजे एकीकडे वंशाचा दावा आणि दुसरीकडे मिळकतीचा दावा. आपल्या गावच्या वाटण्यांत आजही हेच दोन सूर ऐकू येतात. निकाल १२ ऑक्टोबर १७०७ ला खेडच्या लढाईत लागला. धनाजी जाधव शाहूंना मिळाले. १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी पन्हाळा-कोल्हापूरला दुसरी गादी उभी केली. १७१४ मध्ये त्यांचीच सवत राजसबाई यांनी आपल्या मुलाला, दुसऱ्या संभाजींना, कोल्हापूरच्या गादीवर बसवून ताराबाईंना आणि त्यांच्या मुलाला कैदेत टाकलं. १३ एप्रिल १७३१ च्या वारणेच्या तहाने दोन्ही गाद्यांची हद्द ठरली.

तुमच्या कागदावर इथून दोन याद्या सुरू होतात. वंशावळीत मात्र एकच झाड राहतं. दोन याद्या, एक झाड. हे चित्र डोळ्यांपुढे आलं की अर्धं काम झालं.

चौथी पायरी : शिक्का वाचा

पुस्तकं परस्परविरोधी बोलू लागली की मी मुद्रेकडे वळतो. शिवाजी महाराजांच्या मुद्रेत "शाहसूनोः शिवस्य" आहे, म्हणजे शहाजींचा पुत्र शिव. संभाजी महाराजांच्या मुद्रेत "श्री शंभोः शिवजातस्य", शिवापासून जन्मलेला शंभू. वंशावळीचा एक-एक दुवा मुद्रेतच कोरलेला आहे.

पेशव्यांचे शिक्केही बघावेत. "श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान, बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान". यात राजा कोण हे आधी येतं आणि पेशवा नंतर. शाहूंच्या मृत्यूनंतर त्याच जागी "राजाराम नरपति" आलं. सत्ता कोणाच्याही हाती असो, कागदावर राजा कोण हे शिक्का सांगतो.

छत्रपतींच्या आज्ञापत्राचा मायना ठरलेला असतो: वर "श्री", मग "स्वस्ति श्री राज्याभिषेक शके" आणि आकडा, संवत्सराचं नाव, तिथी, वार, आणि मग "क्षत्रियकुलावतंस श्री राजा अमुक छत्रपती स्वामी". समजा तुमच्या हातात "राजा शंभु छत्रपती" असं लिहिलेलं पत्र आलं. हे शिवपुत्र संभाजी की कोल्हापूरचे संभाजी? नावावरून कळणार नाही. आकडा बघा. राज्याभिषेक शक १६७४ पासून मोजतात. आकडा ७ ते १५ असेल तर शिवपुत्र. ४१ किंवा त्याच्या पुढे असेल तर कोल्हापूरकर.

पाचवी पायरी : तारखा उलगडा

शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, असं शाळेत शिकवतात. ते चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत बरोबर आहे. जानेवारी ते फाल्गुनअखेर ७९ मिळवायचे. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. ७८ मिळवा, १६७४. पण शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. इथे ७८ मिळवलेत तर १६२९ येईल आणि एका वर्षाची चूक होईल. खरं साल १६३०. मी पहिल्या तक्त्यात फाल्गुनातल्या सगळ्या तारखा एका वर्षाने मागे ढकलल्या होत्या. परिणामी एक राजपुत्र आई-बापाच्या लग्नाआधीच जन्मला. तक्ता भिंतीवर लावून झाल्यावर हे एका पाहुण्याने दाखवलं.

राज्याभिषेक शकाचा हिशेब: ज्येष्ठापासून डिसेंबरपर्यंत १६७३ मिळवा, त्यानंतर १६७४.

पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन असतो आणि तो अरबी आकड्यांच्या नावांनी लिहिलेला असतो. पहिल्यांदा बघितलं की मंत्र वाटतो: "सन सलास खमसैन मया व अलफ". सलास म्हणजे तीन, खमसैन पन्नास, मया शंभर, अलफ हजार. उजवीकडून वाचा, ११५३. हे वर्ष मृगाला सुरू होतं. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा आणि त्यानंतर ६००. म्हणजे जून १७५२ ते मे १७५३. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा हे नऊ शब्द पाठ करून टाका. दोन दिवसांचं काम आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. सतराव्या शतकातल्या ज्या इंग्रजी तारखा आपण वापरतो, त्या जुन्या ज्युलियन पंचांगाच्या आहेत. आजच्या पद्धतीने त्या दहा दिवस पुढे जातात. १९ फेब्रुवारी आणि १ मार्च १६३० या दोन तारखा दिसल्या तर भांडू नका. दिवस एकच आहे.

सहावी पायरी : दत्तक

या पायरीवर जास्त वेळ घालवा. गादी आणि रक्त यांची फारकत इथेच होते.

धर्मशास्त्राप्रमाणे विधिपूर्वक दत्तक गेलेला मुलगा जन्मदात्या घराचा राहत नाही. त्याचं गोत्र बदलतं, पिंडाचा अधिकार बदलतो, वारसा बदलतो. म्हणून वंशावळीत त्याला दत्तक बापाखाली लिहायचं. पण नुसतं वाढवणं म्हणजे दत्तक नव्हे. शाहू कैदेतून परत येत असताना पारद गावी झालेल्या चकमकीनंतर लोखंडे पाटलांच्या घरचं लहान मूल त्यांच्या पायांवर घातलं गेलं. शाहूंनी त्याला फत्तेसिंह भोसले नाव दिलं, लेकरासारखं वाढवलं, अक्कलकोट दिलं. अक्कलकोटचं घराणं तिथून सुरू झालं. पण साताऱ्याची गादी त्याला मिळाली नाही. आडनाव भोसले झालं म्हणजे वारस झाला असं नाही.

दत्तकाच्या वैधतेवरून राज्यं हलली. तंजावरचे तुळजाजी १७८७ मध्ये वारले, त्याआधी त्यांनी सरफोजींना दत्तक घेतलं होतं. मुलगा जन्मदात्याचा एकुलता एक होता आणि वयाने मोठा होता, म्हणून दत्तक अशास्त्र, असा आक्षेप निघाला. ईस्ट इंडिया कंपनीने तुळजाजींचे सावत्रभाऊ अमरसिंह यांना बसवलं. मग मत फिरलं, आणि १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले. तंजावरच्या यादीत तुळजाजी, अमरसिंह, सरफोजी असा क्रम दिसतो. वंशावळीत सरफोजी तुळजाजींच्या खाली येतात आणि अमरसिंह बाजूला. बडोद्यालाही असंच. खंडेराव १८७० मध्ये गेले तेव्हा राणी जमनाबाई गरोदर होत्या. सगळे वाट बघत राहिले, मुलगी झाली, आणि भाऊ मल्हारराव गादीवर कायम झाले. १८७५ मध्ये त्यांना पदच्युत केल्यावर जमनाबाईंनी मालेगावजवळच्या कवळाण्याच्या गोपाळरावांना दत्तक घेतलं. ते सयाजीराव महाराज. यादीत मल्हाररावांनंतर, पण पुत्र खंडेरावांचे.

आता कोल्हापूर बघा. दुसरे संभाजी १७६० मध्ये गेले. राणी जिजाबाईंनी खानवटकर भोसल्यांच्या घरातला मुलगा दत्तक घेतला. पुढचे राजे याच रक्ताचे: बाप, दोन मुलं, नातू. मग १८६६ ला दत्तक, १८७१ ला दत्तक, १८८४ ला दत्तक. लागोपाठ तीन तुटक रेघा! तिसरी रेघ कागलच्या घाटग्यांच्या यशवंतरावांची. १७ मार्च १८८४ ला दत्तकविधान झालं आणि ते शाहू झाले. कागलच्या घाटग्यांकडून येणारी सरळ रेघ काढायला विसरू नका. १९४० नंतर पुन्हा दोन दत्तक, आणि त्यातला दुसरा, १९४७ चा, देवासच्या पवार घराण्यातून. ते शहाजी महाराज राजर्षी शाहूंच्या मुलीचे पुत्र. म्हणजे तुटक रेघेने घरात आलेलं रक्त लेकीकडून फिरून पुन्हा त्याच गादीवर आलं. लेकींना वंशावळीत जागा दिली असेल तरच हे दिसतं.

कोल्हापूरचे दत्तक चालले, मग साताऱ्याचा का नाही? साताऱ्याचे शहाजी ऊर्फ आप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ ला वारले. मरणाच्या दिवशी त्यांनी दत्तक घेतला होता. गव्हर्नर जनरल डलहौसीने म्हटलं, दत्तक पुत्राने खासगी मिळकत घ्यावी, क्रियाकर्म करावं. राज्याचा वारसा मात्र आमच्या संमतीशिवाय नाही. आणि राज्य खालसा केलं. बारकाईने बघा, ज्या दोन कागदांचं मी सुरुवातीला सांगितलं, तेच डलहौसीने केलं: वंशाचा कागद मान्य आणि गादीचा फाडून टाकला. नागपूर आणि झाशी त्याच वाटेने गेले. १८५७ नंतर धोरण बदललं, १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या, आणि कोल्हापूरची ती सलग तीन दत्तकं १८६६ पासूनची. फरक शास्त्राचा नव्हता, सालाचा होता.

रामराजे : नागमोडी रेघ

हे प्रकरण स्वतंत्र घेतो, कारण साताऱ्याच्या तक्त्यात सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

१५ डिसेंबर १७४९ ला थोरले शाहू निपुत्रिक वारले. त्याआधी ताराबाई पुढे आल्या. म्हणाल्या, माझ्या मुलाला, शिवाजीला, मुलगा झाला होता. राजसबाईच्या भीतीने मी तो लपवून वाढवला, तो पानगावला आहे. ४ जानेवारी १७५० ला हे रामराजे साताऱ्याच्या गादीवर बसले. तत्पूर्वी भाऊबंदांसमोर ताराबाई त्यांच्यासोबत जेवल्या आणि त्या अन्नाची शपथ घेऊन हा आपला नातू असल्याचं सांगितलं, असा उल्लेख येतो. वर्ष सरायच्या आत त्याच ताराबाईंनी त्याच नातवाला किल्ल्यात कैद केलं आणि तो तोतया असल्याचं जाहीर केलं. सप्टेंबर १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबासमोर शपथही घेतली की हा माझा नातू नव्हे. तीच मघाची सन सलास खमसैन.

मग खरी शपथ कोणती? पहिली घेताना नातवाच्या नावाने राज्य चालवायला मिळेल अशी आशा होती. दुसरी घेताना नातू पेशव्याच्या मुठीत गेला होता. दोन्ही वेळी साक्षीदाराचा हितसंबंध उघड आहे, त्यामुळे एकटी शपथ पुरावा म्हणून मी धरत नाही. उलट दिशेने विचारतो: तोतया असता तर कैदेत का टाकला, हाकलून का दिला नाही? रामराजांना गादीवरून कोणीच काढलं नाही. १७७७ पर्यंत ते छत्रपती होते. माझं मन ते खरे नातू असल्याकडे झुकतं, पण तक्त्यावर माझं मन लिहायचं नसतं. म्हणून वंशावळीत नागमोडी रेघ आणि गादीच्या यादीत कसल्याही प्रश्नचिन्हाशिवाय पूर्ण नाव.

मी पूर्वी इथे बिनदिक्कत सरळ रेघ ओढली होती. ती शाईत होती म्हणून सुरुवातीला पेन्सिलीचं सांगितलं.

रामराजांनी वावीच्या भोसल्यांचा विठोजी दत्तक घेतला, ते दुसरे शाहू. त्यांचे पुत्र प्रतापसिंह १८०८ ते १८३९. इंग्रजांनी पदच्युत करून काशीला पाठवलं. मग धाकटे भाऊ शहाजी. इथे गादी खाली न उतरता आडवी सरकली. तंजावरला तर शिवाजी महाराजांचे सावत्रभाऊ एकोजी यांचे तीन मुलगे, शहाजी, सरफोजी, तुकोजी, एकामागून एक बसले. तीन राजे आणि पिढी एकच. राजे मोजून पिढ्या काढू नका.

सातवी पायरी : पुरावा कुठे शोधायचा

बखरीपासून सुरुवात करायला हरकत नाही, पण बखर कधी लिहिली हे आधी बघा. कृष्णाजी अनंत सभासदांनी १६९७ च्या सुमारास जिंजीला लिहिलं, ते महाराजांना पाहिलेल्या माणसाने लिहिलेलं. मल्हार रामराव चिटणीसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची, सव्वाशे वर्षांनंतरची. दोघांत फरक पडला तर पहिल्याला झुकतं माप. बखरींपेक्षा शकावल्या कोरड्या असतात, म्हणून बऱ्या. जेधे शकावलीत नुसत्या तिथी आणि घटना, वर्णनाचा मोह नाही.

पुण्याचं पुरालेखागार म्हणजे पेशवे दप्तर, १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ, कोल्हापूरचं पुरालेखागार, या जागा नवख्यांनाही जाता येण्यासारख्या आहेत. मोडी शिकल्याशिवाय मात्र तिथे हात चोळत बसावं लागतं. कापडात बांधलेले रुमाल समोर येतात, गाठ सोडली की जुन्या कागदाचा आणि धुळीचा वास येतो, आणि ओळी डोक्यावरच्या रेघेला लटकलेल्या, शब्द एकमेकांत गुंतलेले. पहिले काही दिवस फक्त "श्री" आणि शेवटचं "मोर्तब सूद" एवढंच वाचता येतं. हरकत नाही. मायना पाठ असेल तर राजाचं नाव आणि साल लवकर डोळ्यांत भरतं, आणि आपल्याला तेच हवं असतं.

तंजावरला गेलात तर बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर कोरलेला मराठी लेख बघा. दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले वंशाचं चरित्रच दगडावर लिहून घेतलं. एखाद्या राजाने आपली वंशावळ आपल्याच खर्चाने कोरून घेतली, तर तो ती आपल्या सोयीनेच कोरणार. शिवाय या राजाला आपलं दत्तकपण सिद्ध करण्यासाठी अकरा वर्षं झगडावं लागलं होतं. हे लक्षात ठेवून वाचा.

धाकट्या पात्यांसाठी आणि सोयरिकीच्या घरांसाठी तीर्थोपाध्यायांच्या वह्या उपयोगी पडतात: नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया. कोण कोणाचा हात धरून आला, कोणाचं श्राद्ध केलं, हे तिथे यजमानाच्या तोंडून लिहिलेलं असतं. आणि कोल्हापूर-बेळगावकडे हेळवी येतात. आमच्या गावी सुगी झाली की हेळवी यायचा, ओट्यावर बसून पोथीसारखी जाडजूड वही उघडायचा आणि आजोबांच्या पणजोबांपासून नावं म्हणायला लागायचा. नवीन जन्मलेल्यांची नावं लिहून घ्यायचा, धान्य घेऊन जायचा. त्याच्या तोंडची अलीकडच्या पाच-सहा पिढ्यांची नावं सहसा जमिनीच्या कागदांशी जुळतात. त्याच्या वर गेलं की तोही सूर्यापर्यंत पोचतो!

शेवटची पायरी : यादी कुठे थांबवायची

साताऱ्याची गादीची यादी १८४८ ला थांबते. वंशावळ थांबत नाही, घराणं दत्तकाने पुढे चालू आहे. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. राज्य करणाऱ्यांची यादी तिथे संपली. तरी भारत सरकारची संस्थानिक म्हणून मान्यता आणि तनखे चालू होते, ते १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने बंद झाले. म्हणून कोल्हापूरच्या यादीत मी दोन आडव्या रेघा मारतो, एक १९४९ ची आणि एक १९७१ ची. त्यानंतरच्या नावांमागचं "महाराज" हे लोकांच्या आदराचं आहे, सरकारी कागदावरचं नाही, आणि ते तसंच लिहायचं.

हयात माणसांच्या बाबतीत जन्मतारखा, लग्नं, घरातले वाद यांतलं काही तक्त्यात घालू नका. त्यांनी स्वतः जाहीर केलेलं तेवढंच. आणि तक्ता शाईत उतरवण्याआधी फाल्गुनातल्या तारखा एकदा पुन्हा तपासून घ्या.